स्टेशाची जीभ

मोग कीहो बिअरचा घोट तोंडात घेऊन भिंतीकडे बघायला लागला, की भट्टीत कुणी बोलायचं नाही. घोट तो चावल्यासारखा फिरवायचा, गिळायचा आणि मग जिभेने टाळू चोळत उभा राहायचा. त्यानंतर एक तर "हं" म्हणायचा, नाहीतर पेला त्या भिंतीवर फुटायचा. पेला भिंतीवर फुटला तर आपलं नशीब चांगलं, असं आम्ही समजायचो.

मी जेम स्टॅफर्ड. आयर्लंडमधल्या स्लेनी नदीकाठच्या त्या भट्टीत पिंपं बांधायचो. ओकच्या फळ्या वाफेवर वाकवायच्या, लोखंडी कड्या ठोकून बसवायच्या, हेच माझं आयुष्य. बिअर मोग करायचा. त्याच्याशी माझं कधी वाजलं नाही, कारण त्याच्या हाताच्या टप्प्यात मी कधी उभा राहिलो नाही.

आमची बिअर लाल. डब्लिनची काळी बिअर आम्हीही प्यायचो, पण वेक्सफर्डकडच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटायचं ते लाल बिअरनेच. मोग ती आधी उजेडात धरायचा. उन्हात उभ्या असलेल्या तांबूस घोड्याची पाठ चमकते तसा रंग हवा. वर फेस दाट आणि सायीच्या रंगाचा. घोट घेतला की आधी जिभेच्या शेंड्यावर गोडवा यायचा, कढईत जरा जास्त तापलेल्या साखरेचा. मागून पावाच्या करपलेल्या कडेची खमंग चव. आणि गिळता गिळता एक कोरडेपणा यायचा, तो सगळा गोडवा पुसून न्यायचा. हे काम काळ्या भाजलेल्या जवाचं. मोग ते मुठीने घालायचा, कधी मूठ सैल धरून, कधी आवळून.

"कडू असावी, पण कडू आहे हे कळता कामा नये," तो म्हणायचा. "आणि संपताना कोरडी संपली पाहिजे. तोंड ओलं राहिलं तर माणूस दुसरी कशाला मागेल?"

गुरांच्या बाजाराच्या दिवशी निक सिनटच्या पबमध्ये काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. निकने मोगपुढे आमच्याच बिअरचा पेला ठेवला. मोगने घोट घेतला, भिंतीकडे बघितलं आणि पेला खाली ठेवला.

"हे काय आहे, निक?"

"तुझीच बिअर आहे की."

"माझी बिअर आंबट नसते. पिंपाचं तोंड उघडं टाकलंस. नळी तर तुझ्या बापाच्या वेळेपासून धुतलेली नाही."

"लोक पितायत ना? कुणाचं काही म्हणणं नाही."

"तू पेल्यात घालून दिलंस तर लोक गटारही पितील."

निक हसला. उंच, देखणा माणूस, आणि लोकांसमोर गप्प बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. "एवढी खात्री करायची असेल तर बायकोला विचार की चव. अरे हो, विसरलोच! तुझी बायको तर तुझ्या बिअरला तोंडही लावत नाही."

मोगने त्याला पेले मांडायच्या फळीवरून ओढून अलीकडे आणलं. पहिल्याच ठोशाला निकचे पुढचे दात गेले. निकने खाली पडल्या पडल्या बाटली फोडली आणि मोगच्या दंडात खुपसली. आम्ही दोघांना ओढून वेगळं केलं तोवर गुरं विकायला आलेली माणसं भिंतीला चिकटून उभी होती आणि जमिनीवर बिअर आणि रक्त एक झालं होतं.

निक बोलला ते खोटं नव्हतं. मोगची बायको स्टेशा दारूला शिवत नसे. दारू न पिण्याची शपथ घेतलेले लोक लावतात ते येशूच्या पवित्र हृदयाचं बारकं पदक तिच्या छातीवर कायम असायचं. तिचा बाप नदीत सॅमन मासे पकडायचा आणि मासे विकून आला की आमचीच लाल बिअर प्यायचा. पिऊन घरी आला की दाराआड ठेवलेलं वल्हं उचलायचा. आईचा हात त्याने दोनदा मोडला. स्टेशाचा ओठ तर इतक्यांदा फोडला, की मोठेपणीही हसली की वरचा ओठ एका बाजूला ओढला जायचा. शेवटी बाप दारूच्या नशेत होडीतून पडून बुडाला. त्याला पुरलं त्याच दिवशी तिने शपथ घेतली.

अशा मुलीने भट्टीवाल्याशी लग्न का केलं, हे मी तिला एकदा विचारलं होतं.

"तो पितो तेव्हा भिंतीकडे बघतो, जेम," ती म्हणाली. "माझा बाप माझ्याकडे बघायचा."

बाहेर मोगने कितीही डोकी फोडली तरी घरात त्याने कधी हात उचलला नाही. ते खरं होतं. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं, मला ऐकू आलं असतं.

मोगचा धाकटा भाऊ डेव्ही भट्टीतच जव भाजायचा. भावाच्या अगदी उलट, मऊ बोलणारा, वाटेत कुत्रं दिसलं तरी त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे जाणारा. तो निक सिनटच्या टोळीत आहे हे भट्टीत सगळ्यांना माहीत होतं. इंग्रजांशी लढाई पेटली होती आणि आमच्या भागातली टोळी निक चालवायचा. मोगला ते खपत नव्हतं. तो डेव्हीला म्हणायचा, "ज्याला नळी धुता येत नाही, तो देश काय धुणार?" डेव्ही नुसता हसायचा.

एकोणीसशे एकवीसच्या वसंतात निकच्या माणसांनी पुलावर सरकारी लॉरी उडवली. त्यात दोन टॅन मेले. टॅन म्हणजे इंग्रजांनी पोलिसांच्या मदतीला पाठवलेले ते शिपाई, महायुद्धातून सुटलेले आणि पुन्हा माणसं मारायला मोकळे झालेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लॉऱ्या भट्टीच्या अंगणात शिरल्या. निक तेव्हा डोंगरात होता. आम्ही होतो.

आम्हाला हात वर करून भिंतीशी उभं केलं. त्यांचा अधिकारी तरुण होता, मिशा कोरलेल्या. तो आत जाऊन मोगच्या चाखायच्या पेल्यात बिअर भरून घेऊन आला, आमच्यासमोर उभा राहून प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"गोड आहे. खोकल्याच्या औषधासारखी. हीच पिऊन तुम्हाला स्वातंत्र्य सुचतं काय?"

आमचे हात वरच होते. मोग मात्र बोलला. "कच्ची आहे ती. अजून पिंपात राहायला हवी. तयार झाली की गोड लागणार नाही."

अधिकाऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि खरंच हसला. मग पेला नीट, न सांडता, पायरीवर ठेवला आणि डेव्हीपुढे जाऊन उभा राहिला. कुणीतरी नाव सांगितलं होतं.

"बंदुका कुठे आहेत?"

"कसल्या बंदुका, साहेब?" डेव्ही म्हणाला.

अधिकाऱ्याने पिस्तूल खाली करून त्याच्या गुडघ्यात गोळी घातली. डेव्ही पडला. अधिकाऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज जराही न चढवता. डेव्हीने मान हलवली. तेव्हा दुसरा गुडघा. मोग भिंत सोडून धावला. तो त्या अधिकाऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचलाही होता, पण बाजूच्या शिपायाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला भिंतीशी ऐकू आला. मोग गुडघ्यावर आला तरी हात पुढे करतच होता. शिपायाने पुन्हा मारलं, त्याच जागी, आणि तो आडवा झाल्यावर आणखी एकदा, बुटाने.

डेव्हीने काही सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात गोळी घातली तेव्हा तो आईला हाक मारत होता.

मग त्यांनी पिंपांवर गोळ्या चालवल्या. मी हाताने बांधलेली पिंपं. प्रत्येक भोकातून लाल धार. अंगण उतरतं होतं, सगळी बिअर डेव्हीच्या अंगाखालून नाल्याकडे गेली. जाता जाता जव भाजायची कोठी पेटवून दिली. आग विझवायला पाणी ओढताना मला त्या जळत्या जवाचा वास येत होता, अगदी ओळखीचा, खमंग, आणि तो वास आवडतो म्हणून माझी मलाच शिसारी आली.

मोगचं नाक घोड्यांच्या डॉक्टरने सरळ केलं, म्हणजे जमेल तेवढं केलं. मालक घाबरून इंग्लंडला निघून गेला आणि सगळी भट्टी मोगवर टाकून गेला. उन्हाळ्यात लढाई थांबली. आम्ही कोठीवर नवं छप्पर घातलं, फुटकी पिंपं सोडून मी नवी बांधली, आणि मोगने पहिली काहील चढवली. तो पूर्वीसारखाच घोट घेऊन भिंतीकडे बघायचा, "हं" म्हणायचा. पण पेला एकदाही फुटला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बिअर तयार झाली त्या दिवशी सगळे पबवाले अंगणात जमले. निक सिनटही आला. आता तो उघडपणे चामडी पट्टा आणि उंच बूट घालून फिरायचा, जिंकलेल्या माणसासारखा. दातांच्या जागी नवे दात होते. पहिला पेला त्यानेच उचलला. घोट घेतला, आणि मोगच्या बुटांवर थुंकला.

"ही बिअर आहे का खिळे भिजवलेलं पाणी?"

बाकीच्यांनीही चाखली. एकेकाने पेला खाली ठेवला.

"सांग ना, मोग," निक म्हणाला. "डेव्ही मेला तो हे वाचवायला?"

डेव्हीचं नाव त्याच्या तोंडून निघालं आणि मोगने त्याचा गळा धरला. ही मारामारी पहिल्यासारखी नव्हती. मोग ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. निकला हौदाच्या कडेवर वाकवलं आणि दोन्ही अंगठे गळ्यात रुतवले. आम्ही चौघं त्याच्या हाताला लटकलो तरी ते हात हलेनात. निकचे डोळे पांढरे व्हायला लागले, त्याची टाच जमिनीवर आपटत होती.

स्टेशा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने डबा टाकला. हौदातले जव ढवळायचं लांब लाकडी वल्हं भिंतीला टेकून होतं, ते उचललं आणि दोन्ही हातांनी नवऱ्याच्या मानेवर हाणलं. पहिल्या फटक्याला तो नुसता वळला. दुसरा कानशिलात बसला आणि तो पडला.

पबवाले निकला उचलून घेऊन गेले. अंगणात आम्ही तिघंच उरलो. स्टेशा हातातल्या त्या वल्ह्याकडे बघत होती. मग तिने ते असं फेकलं, जणू हाताला चिकटलं होतं.

"त्याला चव लागत नाही, जेम," ती मला म्हणाली. "नाक मोडल्यापासून वासही येत नाही. नासकं दूध प्याला आणि वर आणखी मागितलं. मला केव्हाच कळलंय."

मोग जमिनीवर बसूनच होता, कानातून रक्त गळत होतं. "सगळं पाणी आहे, स्टेशा," तो म्हणाला. "पाव पाणी, मटण पाणी. तुझ्या केसांत तोंड घातलं तरी पाणी."

"मग हं कशाला म्हणत होतास?"

"नाहीतर काय म्हणू? चाखता येत नाही म्हणून सांगू? मग मी कोण उरतो?"

स्टेशा माझ्याकडे आली. तिने छातीवरचं पदक काढून माझ्या हातात दिलं आणि निकने अर्धवट सोडलेला पेला उचलला. मोग उठायला लागला. "नको. स्टेशा, तू नको."

तिने घोट घेतला आणि पेला भिंतीवर भिरकावला. मग वाकून ओकली. "बाप," ती म्हणाली. "बापाचा कोट. बापाचं तोंड." तोंड पुसून ती म्हणाली, "जेम, दुसरा दे."

दुसरा घोट तिने डोळे मिटून घेतला. मी मोगकडे बघत होतो. तो तिच्या ओठांकडे असा बघत होता, जसा पूर्वी भिंतीकडे बघायचा.

"आधी काय येतं?" त्याने हळूच विचारलं.

"साखर. आई तव्यावर साखर करपवायची आणि सणाच्या केकवर घालायची, तशी. पण पातळ. लगेच जाते."

"मग?"

"पाव. तव्याला चिकटलेला. सुरी लावून खरवडून काढतो ना, तो भाग. ते चांगलं लागतंय." तिला त्याचंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "आणि मग... रक्त."

"काय?"

"रक्त. ओठ फुटल्यावर जिभेला लागतं ते. ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मोग."

"सुरुवातीला का शेवटी?"

"शेवटी. कोरडी संपायला हवी म्हणतोस ना, तिथेच. गोड सगळं पुसलं जातं आणि मागे रक्त राहतं."

मोग उठून उभा राहिला. "लोखंड. पाण्यात लोखंड उतरलंय."

भट्टीला पाणी अंगणातल्या विहिरीचं. मी दोराला धरून खाली उतरलो. तळाशी पायाला काहीतरी लांबट लागलं. ताडपत्रीचं गाठोडं होतं, इतकं जड की वर ओढायला घोडा जुंपावा लागला. अंगणात उलगडलं तेव्हा आत बंदुका होत्या, गंजून लाल झालेल्या. गाठोड्याला बांधलेला पट्टा डेव्हीचा होता. पितळी बक्कलावर त्याने खिळ्याने कोरलेलं कुत्र्याचं तोंड होतं. लॉऱ्यांचा आवाज ऐकून त्याने त्या घाईघाईत विहिरीत टाकल्या असणार. गोळी झाडेपर्यंत तो त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर उभा होता.

मोग विहिरीच्या दगडी काठावर ठोसे मारायला लागला. बोटांची हाडं मोडल्यावरही मारत राहिला. कुणी त्याला अडवलं नाही. थांबला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने एक बंदूक उचलली, तिचा घोडा ओढून बघितला.

"ही साफ होईल," तो म्हणाला. "ही मी निकसाठी ठेवणार."

"ठेव," स्टेशा म्हणाली. "पण मग चाखायला दुसरी जीभ शोध."

"त्याच्यामुळे मेला डेव्ही."

"हो, मेला. म्हणून तू निकला मारणार, निकची माणसं तुला मारणार, आणि मी तुझा रक्ताळलेला शर्ट धूत बसणार. मी एका माणसाच्या रागात लहानाची मोठी झाले, मोग. दुसऱ्याच्या रागात म्हातारी व्हायचं नाही मला. बंदूक ठेव, नाहीतर मला ठेव."

त्याने बंदूक माझ्यापुढे टाकली. मी त्या एकेक करून ऐरणीवर घेतल्या आणि घणाने ठोकून वाकवल्या. मोडक्या हाताने मोगने शेवटची स्वतः ठोकली. तुकडे नव्या कोठीच्या जोत्यात गाडले आणि वर फरशी बसवली. डेव्हीचा पट्टा तेवढा स्टेशाने घरी नेला.

विहीर उपसली, चुन्याने धुतली. पुढची काहील उतरली तेव्हा स्टेशाने चाखली, मोगने प्रश्न विचारले. "गोड किती? मधासारखी का दुधासारखी? कोरडेपणा जिभेवर का घशात?" ती वैतागून म्हणायची, "घशात, बाबा, घशात! गवताची काडी चावल्यासारखा." आणि मोग काळे जव मुठीतून सोडायचा, किंवा राखून ठेवायचा. असं करत करत बिअर पुन्हा उभी राहिली. जुन्यापेक्षा जराशी खरपूस. लोकांनी पैसे मोजून प्यायली, यापेक्षा मोठी पावती पबवाले देत नाहीत.

इंग्रज गेले आणि आमची आपसातच जुंपली. इंग्रजांशी झालेल्या तहाच्या बाजूचे एकीकडे, विरोधातले दुसरीकडे. निक विरोधात गेला आणि पुन्हा डोंगरात शिरला. त्याच्याकडे माणसं होती, हत्यारं नव्हती. विहिरीतून काय निघालं ते कुठून तरी त्याच्या कानावर गेलंच.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो आला. बरोबर दोन माणसं, त्यातला एक टॉम कॉड, डेव्हीचा जिवलग मित्र. काहील उकळत होती, सगळीकडे वाफ होती. स्टेशा वर लाकडी माच्यावर उभी राहून लांब दांड्याच्या ओगराळ्याने जवाच्या काढ्यावरचा मळ काढत होती. मी खाली पिंपाची कडी बसवत होतो.

"डेव्हीच्या बंदुका दे," निक म्हणाला.

"डेव्हीच्या नव्हत्या, तुझ्या होत्या," मोग म्हणाला. "आणि आता कुणाच्याच नाहीत. ठोकून टाकल्या."

निकने पिस्तुलाच्या दस्त्याने त्याच्या मोडक्या नाकावर मारलं. मोग खाली बसला. निकने त्याच्या केसांना धरून डोकं मागे वाकवलं आणि पिस्तुलाची नळी दातांवर आपटून तोंडात घातली.

"तू मोठा चव घेणारा ना? सांग. याची चव कशी आहे?"

मोगने नळी तोंडात असतानाच उत्तर दिलं. शब्द फुटके होते, पण आम्हा सगळ्यांना कळले. "काहीच लागत नाही, निक."

निकने पिस्तुलाचा घोडा मागे ओढला. वरून स्टेशाने ओगराळं भरून उकळता काढा त्याच्या मानेवर ओतला.

असला आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. काढ्यात साखर असते, तो अंगाला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. निकने कॉलर फाडली तर तिच्याबरोबर कातडी आली. पिस्तूल उडालं, पण तोवर नळी तोंडातून बाहेर आली होती. गोळी मोगच्या मांडीत घुसली. दुसरा माणूस पळाला. टॉम कॉडने बंदूक स्टेशावर रोखली. मी घण घेऊन उठलो, पण मी लांब होतो.

स्टेशाने ओगराळं पुन्हा काहिलीत बुडवलं होतं. "टॉम," ती वाफेतून म्हणाली, "हे भरलंय. तू घालणार गोळी, तर नीट घाल. चुकलास तर हे तुझ्या तोंडावर येईल."

"स्टेशाबाई, मला—"

"या अंगणात डेव्हीचे गुडघे फोडले तेव्हा तू कुठे होतास?"

टॉमचा चेहरा वेडावाकडा झाला. बंदूक खाली गेली. "डोंगरात होतो," तो म्हणाला. "निकने खाली उतरू दिलं नाही."

"मग आता याला उचल आणि डॉक्टरकडे ने. गार पाणी घाल त्याच्यावर, चोळू नकोस."

त्याने निकला पाठीवर घेतलं. मी मोगच्या मांडीला माझा पट्टा आवळून बांधला. स्टेशा माच्यावरून खाली उतरली. ती शेवटच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली, आणि मोग जमिनीवर पडल्या पडल्या तिला सांगत होता, "काढा करपेल, स्टेशा. कुणीतरी ढवळा रे तो."

निक जगला. डॉक्टरच्या घरातूनच नव्या सरकारच्या शिपायांनी त्याला उचललं. तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्याच्या मानेपासून कानापर्यंत कातडी चिरमटलेली होती, आणि मान एका बाजूला वळत नव्हती. त्याने पुन्हा पब उघडला. मोग लंगडा झाला होता, त्यामुळे पबांतून फिरून बिअर कशी ठेवली आहे ते बघायचं काम स्टेशाकडे आलं. निकचा पब ती टाळेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने टाळला नाही.

मी बरोबर गेलो होतो. ती आत शिरली आणि थेट फळीशी गेली. निकने पेला भरला, फेस बसू दिला, वर पुन्हा भरला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने घोट घेतला. भिंतीकडे बघितलं.

"नळी धुतलेली दिसते."

"धुतो. दर आठवड्याला."

"साखर बरोबर आहे. पाव बरोबर आहे. शेवटी जरा ओली राहते. पिंप चुलीच्या भिंतीला लावलंयस का?"

"हो."

"तिथून हलव. ऊब लागते त्याला."

निकने मान डोलवायचा प्रयत्न केला, ती अर्धीच डोलली. "मलाही तेच वाटलं होतं," तो म्हणाला. "तुझी बिअर मी एकदा गरम घेतली आहे, स्टेशा. गारच बरी."

कुणी हसलं नाही. स्टेशाने पेला खाली ठेवला. पूर्ण पेला ती कधीच प्यायची नाही, एक घोट, तोही कामापुरता. "पिंप हलव," ती एवढंच म्हणाली आणि आम्ही बाहेर आलो.

घरी मोग चुलीजवळ दुखरा पाय लांब करून बसला होता. तिने निकचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मोग आधी लाल झाला, काठीकडे हात गेला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. इतका हसला, की नाकातून रक्त यायला लागलं. स्टेशाने त्याच्याकडे फडकं फेकलं.

"हस. आणि आधी सांग, उद्याच्या हौदात काळे जव किती घालू? आज ओली लागत होती."

"निकची चूल होती ती," मोग फडक्यातून म्हणाला. "जव नेहमीएवढेच घाल."

"मी चाखली आहे. तू नाही. जास्त घालणार मी," स्टेशा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी घातले.